शनिवारचा माणसांचा काटा

मुळशी खोऱ्यात एखाद्याचा शब्द पक्का आहे असं सांगायचं असलं, की लोक म्हणत, "कुशाबाचा काटा हाय त्यो." हा मान काही कुशाबाला वाटेत पडलेला सापडला नव्हता. आधी पौडच्या बाजारात पायली-मापट्यानं आणि मग हैबतरावांच्या भातगिरणीत लोखंडी काट्यावर, मिळून तीस वर्षं त्यानं खोऱ्याचं भात जोखलं होतं. शेतकरी गयावया करो की मालक खाकरो, कुशाबा आकडा सांगायचा आणि गप्प बसायचा. पोतं हलकं भरलं तर त्याच्यावर गेरूची फुली मारायचा. फुलीचं पोतं आल्या गाडीनं माघारी जायचं आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नसे.

आकडा सोडून काटेवाल्यानं बोलू नये, असा त्याचा नेमच होता. काटेवाला एकदा बोलायला लागला, की त्याला कुणीतरी आपल्या बाजूनं बोलायला लावतं, आणि मग काटा कलतो, असं त्याचं म्हणणं. हे म्हणणंसुद्धा त्यानं आयुष्यात एकदाच, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, बायकोला ऐकवलं होतं. बायको साळूबाई त्याच गिरणीत तांदूळ पाखडायला आणि खडे निवडायला होती. ती सगळ्यांना सांगायची, की आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे आणि ऐकल्यासारखं करायचं काम ह्यांच्याकडे.

गिरणी पौडच्या अलीकडे नदीच्या अंगाला होती. दिवाळीनंतर भाताच्या गाड्या लागल्या, की होळीपर्यंत इंजिनाची धडधड चालायची. बारा हमाल पोती वाहायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये वीस बाया सुपं घेऊन बसायच्या. भुसा आणि कोंडा इतका उडायचा, की संध्याकाळी घरी गेलेल्या आईला पोर ओळखायचं ते आवाजावरून. खोकला तर सगळ्यांनाच होता. तो कामाचाच भाग आहे, असं सगळे धरून चालत.

एकसष्ट सालच्या मार्गशीर्षात हैबतराव पुण्याला मेव्हण्याकडे गेले आणि तिथं त्यांनी एक मोठा कारखाना पाहिला. कामगारांना सकाळी कवायत, दुपारी दूध, महिन्याला डॉक्टर, आणि प्रत्येकाच्या वजनाची वेगळी वही. हैबतराव मनानं चांगला माणूस, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशातला. एसटीनं परत येईतो त्यांच्या डोक्यात सगळी योजना तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात एक दुभती म्हैस बांधली गेली आणि मालकांच्या गळ्यात शिट्टी आली.

सकाळी आठला शिट्टी वाजली, की सगळ्यांनी हात वर, हात खाली, कमरेत वाक, सरळ हो. हमालांचा म्होरक्या गेणबा दिवसाला दीडशे पोती पाठीवर घ्यायचा. त्याला पहिल्या दिवशी कळेनाच, की हे रिकामे हात वर कशासाठी करायचे. त्यानं अदबीनं विचारलं, की मालक, हात वर करतोच हाय तर एकेक पोतं देऊ का सगळ्यांना? मालकांनी शिट्टी वाजवून त्याला गप्प केलं. बाया पदर तोंडाशी धरून हसत, पण दूध मात्र मनापासून पीत. दूध खरंच चांगलं होतं.

आणि दर शनिवारी वजन. त्यासाठी वेगळा काटा कुठून आणणार? भाताचाच काटा धुऊन पुसून घेतला आणि कुशाबाला वही दिली. शेर-मण जाऊन किलो आला त्याला वर्षसुद्धा होत नव्हतं. किलो म्हणजे नक्की किती, हे अजून कुणाच्या हाताला कळत नव्हतं. एकेक जण काट्यावर चढे, कुशाबा पोत्याचा सांगावा तसा त्याचा आकडा सांगे आणि लिहून घेई.

मालकांनी कुशाबाला कचेरीत बोलावून लाल पेन्सिल दिली होती. चाळीस किलोच्या आतली बाई आणि पंचेचाळीसच्या आतला गडी दिसला, की नावापुढं लाल फुली मारायची. महिनाभर नुसतं बघायचं. मग पुण्याहून कामगार खात्याचे साहेब यायचे होते. त्यांच्या हातानं फुलीवाल्यांना शेंगदाणे-गुळाचे लाडू सुरू करायचे, रोज दोन. कुशाबानं मान हलवली आणि पेन्सिल कानावर ठेवली. पहिल्या शनिवारी सात फुल्या पडल्या. एक होता बारकू नावाचा हमाल आणि सहा बाया. त्यातली सगळ्यात हलकी डोंगरावरच्या वाडीची कृष्णाबाई, चौतीस किलो. आणि एक साळूबाई.

बायकोच्या नावापुढं फुली मारताना कुशाबाचा हात जरासुद्धा अडखळला नाही. तो संध्याकाळी घरी गेला, भाकरी खाल्ली आणि झोपला.

पुढच्या शनिवारपासून दुधानं कमाल केली. कृष्णाबाई चौतीसची छत्तीस झाली. तिसऱ्या शनिवारी एकोणचाळीस, चौथ्याला एक्केचाळीस. साळूबाई अडतीसवरून त्रेचाळीसवर गेली. बारकूनं तर एका आठवड्यात चार किलो कमावले. सगळ्या फुल्या गेल्या. हैबतरावांना आनंद मावेना. ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वही दाखवायचे. असं यश आलं म्हटल्यावर लाडवांची गरज काय, असं तेच कुशाबाला म्हणाले. माणसं धडधाकट झाली आहेत, साहेबांना आकडे दाखवू आणि योजना समारंभानं संपवू. म्हशीला गिऱ्हाईकही आलं होतं.

कुशाबाला मात्र वहीकडं बघून गोड वाटेना. एक्केचाळीस किलोची कृष्णाबाई गिरणीच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबत होती. तिचे गाल आत होते ते आतच होते. तिनं खोकायला सुरुवात केली, की शेजारच्या बाया सूप थांबवून तिच्याकडे बघत. पण काटा तर खरा होता. कुशाबानं तो दोनदा ठोकून, वजनं लावून तपासला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या काट्याचं बोलणं पटत नव्हतं आणि त्यात चूकही सापडत नव्हती.

साहेब यायचे त्या शनिवारी सकाळी तो नदीवर तोंड धुवायला गेला. बघतो तर साळूबाई पाण्यात वाकून गोटे निवडत होती. एक उचलायची, हातावर तोलायची, नाही पटला तर टाकायची. बाजारात वांगी घेतानासुद्धा ती इतकी चिकित्सा करत नसे. पटलेले पाच-सहा गोटे तिनं लुगड्याच्या ओच्यात घातले, वरून नीट खोचून घेतलं आणि वळली तर समोर नवरा.

कुशाबाला सगळं एका क्षणात कळलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर तांदळातले खडे काढायचे आणि शनिवारी कमरेला बांधायचे! तेही त्याच्या काट्यावर, त्याच्याच बायकोनं. तीस वर्षांचा मान तिनं नदीत बुडवला, असं तो म्हणाला. आवाज चढवून बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो नीट चढलासुद्धा नाही.

साळूबाईनं ऐकून घेतलं. मग ती काठावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "हलकं पोतं माघारी जातं. तुमीच फुली मारता आन् त्ये माघारी जातं. हे आमी तीस वरसं बघतुया. माज्या नावाम्होरं तुमी फुली मारली आन् घरी येऊन भाकरी खाल्ली. म्या वाट बघितली, आता सांगतील, मग सांगतील. एक सबूद न्हाई. मंग काय समजायचं आमी?"

कुशाबा म्हणाला, "अगं, ती फुली लाडवाची हुती."

"कुटं सांगितलं तुमी?"

कुशाबानं आठवून पाहिलं. मालकांनी एकट्या त्याला सांगितलं होतं आणि त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. पोत्याला कोण कधी सांगतं, की तुझ्यावर फुली का मारली? त्याला एकदम लाज वाटली, आणि ती बायकोची नव्हे, स्वतःची. वीस बाया महिनाभर पोटाशी दगड बांधून, आज काढतील की उद्या काढतील ह्या धसक्यात काम करत होत्या, त्या ह्याच्या गप्प बसण्यापायी. आणि ज्या कृष्णाबाईसाठी लाडू होते, तिच्या तोंडचा लाडू त्याच दगडांनी काढून घेतला होता.

आता वाट दोनच. गप्प राहिलं तर योजना हसतखेळत संपणार आणि वहीत तीस वर्षांतलं पहिलं खोटं कायमचं राहणार. बोललं तर पुण्याच्या साहेबांसमोर मालकांची फजिती, आणि मालक चिडले तर काटा हातातून जाणार. काटा गेला तर कुशाबाकडे उरतं काय? दोन बिघे खाचर आणि न बोलायची सवय. गिरणीपर्यंतची वाट दोघं मागंपुढं चालले. साळूबाईच्या ओच्यात गोटे खुळखुळत होते.

साहेब दहाला जीपमधून आले. चष्मा लावलेले, बारीक, कमी बोलणारे गृहस्थ. हैबतरावांनी त्यांना म्हैस दाखवली, कवायत दाखवली, वही दाखवली. साहेबांनी वही दोनदा चाळली आणि एवढंच म्हणाले, की फार भराभर वाढलीत वजनं. त्यांच्यासाठी इंजिन बंद ठेवलं होतं. त्यामुळे त्या दिवशी गिरणीत बोललेला प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू येत होता.

पहिली रंभाबाई काट्यावर चढली. ती बायांची पुढारीण. अंगानं मुळातच भरलेली, तिला दगडाची काही गरज नव्हती. पण सगळ्या बांधतात तर आपण मागं का राहायचं, म्हणून तिनंही दोन बांधले होते. कुशाबानं काटा लावला. आकडा दिसला. सगळे आकड्याची वाट बघत राहिले.

मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि वही मिटली.

"बायांनो, ऐका," तो म्हणाला. "ही लाल फुली कामावरनं काढायची न्हवती. जो हलका, त्येला रोज दोन लाडू, आसं मालकांनी मला महिन्यामागं सांगितलं हुतं. म्या तुमाला सांगितलं न्हाई. चूक मालकांची न्हाई, तुमची न्हाई, माजी हाय. आता जे ज्याच्या ओच्यात आसंल त्ये खाली ठेवा. मंग म्या वजन करीन."

कुणी हललं नाही. इतकी वाक्यं एका दमात कुशाबाच्या तोंडून निघालेली कुणी ऐकली नव्हती, त्याचाच धक्का आधी ओसरायला हवा होता. हैबतरावांची मान कुशाबाकडून बायांकडे आणि बायांकडून साहेबांकडे फिरत होती.

पहिली पुढं आली साळूबाई. तिनं सगळ्यांदेखत ओचा सोडला आणि एकेक करून सहा गोटे काट्याशेजारी ठेवले, मांडणीत भांडी लावावीत तसे. मग रंभाबाईनं आपले दोन टाकले. मग कृष्णाबाईनं ओचा सोडला. तिच्या ओच्यातून निघाले सात, आणि शेवटी एक फुटक्या जात्याचा तुकडा. ते निघाल्यावर ती बाई डोळ्यांदेखत अर्धी झाली. मग मात्र रांगच लागली. नदीतले गोटे, पाट्याचा तुकडा, एकीनं तर घरचा खलबत्ता आणला होता. बारकूनं मान खाली घालून मुंडासं सोडलं आणि त्यातून गिरणीचीच दोन-दोन किलोची दोन वजनं ठणकन खाली पडली. कुशाबा ती पंधरा दिवस शोधत होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गेणबा हसला, बाया हसल्या. हैबतराव आधी लालेलाल झाले होते. ते त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तो खलबत्ता उचलला, हातात तोलला आणि विचारलं, "ह्यो बांधून कवायत केली व्हय गं तू?" ती बाई व्हय म्हणाली आणि मालकांचाही बांध फुटला.

हसणं ओसरलं तसा कुशाबानं लाल पेन्सिल आणि वही मालकांपुढं धरली. ज्याच्या चुकीनं महिनाभर खोटं जोखलं गेलं, त्यानं काट्याशी उभं राहू नये, असं तो म्हणाला.  हैबतराव काही म्हणायच्या आत रंभाबाई मधे पडली.

"दुसरा कुनी हितं हुबा ऱ्हायला तर आमी काट्यावर पाय ठेवायच्या न्हाई," ती म्हणाली. "भावजींनी सोताची चूक चारचौघांत सांगितली. आसा मानूस आमाला पायजे. फकस्त आता गप ऱ्हायचं न्हाई. फुली मारायची तर कशाची, त्ये आदी बोलून दाकवायचं."

मालकांनी वही परत कुशाबाच्या हातात दिली. मग साहेबांनी बायांना विचारलं, की तुमचं तुम्हाला काय वाटतं, तब्येत सुधारायला काय करावं? हा प्रश्न त्या गिरणीत आजवर कुणी विचारला नव्हता. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. उत्तर दिलं ते कृष्णाबाईनं. ती खोकली, थांबली आणि म्हणाली, की वारं द्या. आमच्या वाडीवर पाखडायला बसताना बाई आधी वारं बघते आणि त्याच्याकडं पाठ करते. भुसा पुढं उडून जातो. हितं दुपारनंतर वारं मावळतीकडनं येतं आणि मावळतीला पत्रा ठोकलाय. भुस्सा जाईल कुटं? आमच्या नाकात.

तो पत्रा मालकांनी तांदूळ उडू नये म्हणून मुद्दाम ठोकून घेतला होता. त्यांनी पत्र्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं आणि गेणबाला पहार आणायला सांगितलं. दुपारच्या आत पश्चिमेची बाजू मोकळी झाली. बाया मावळतीला, नदीकडं पाठ करून बसल्या, वारा आला आणि भुशाचा लोट समोरून बाहेर निघून गेला. रंभाबाई म्हणाली, की वीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडं बसलेलीचं तोंड दिसलं, आणि आजवर बघायचं फार काही राहिलं नव्हतं म्हणा!

एकदा सांगायची मोकळीक मिळाली म्हटल्यावर हमालांनीही आपलं घोडं पुढं दामटलं. त्यांना कमरेइतका ओटा हवा होता, म्हणजे पोतं जमिनीवरून उचलायला नको, ओट्यावरून थेट पाठीवर घेता येईल. बारकूच्या मुंडाशातून निघालेल्या वजनांपेक्षा ही मागणी पुष्कळ हलकी आहे, असं साहेब म्हणाले. ओटा आठ दिवसांत बांधला. म्हैस विकली गेली नाही. कवायत मात्र गेली. पण शिट्टी वाजवायची हौस मालकांना इतकी होती, की बायांनाच दया आली. दिवसभर मांडी घालून आखडलेलं अंग मोकळं करायला त्यांनी सकाळी फुगडी धरायची ठरवली आणि शिट्टीचं काम मालकांना देऊन टाकलं. दोन फेऱ्या झाल्या, की शिट्टी, मग दूध, मग काम.

लाडू त्याच शनिवारपासून सुरू झाले. सात जणांना मिळायचे. पण कृष्णाबाईला एकटीनं खाणं जमेना. ती अर्धा शेजारणीला द्यायला लागली, तेव्हा कुशाबा काट्याजवळून उठला आणि तिच्यासमोर जाऊन म्हणाला, "त्यो तुजा हाय. तूच खायचा." आताशा तो असा मधेच बोलायचा. घरीही बोलायचा. साळूबाई शेजारणीला सांगायची, की महिनाभर कवतिक वाटलं, आता वाटतं, जरा आवरतं घ्यावं.

होळीच्या आदला शनिवार हा त्या हंगामाचा शेवटचा. भात संपत आलं होतं आणि सगळे काट्याभोवती जमले होते. मधल्या सगळ्या शनिवारी कृष्णाबाईचा काटा हलला नव्हता. चौतीस, पुन्हा चौतीस. खोकला कमी झाला होता, पायऱ्या ती न थांबता चढत होती, पण काटा म्हणजे काटा. त्या दिवशी ती चढली. चढायच्या आधी तिनं कुणी न सांगताच ओचा झटकून दाखवला. कुशाबानं काटा लावला. तो वाकला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा वाकून बघितलं. सगळं खरं होतं. पस्तीसच्या पुढं काटा गेला होता.

मालकांनी विचारलं, किती?

धान्य जोखताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. ते शुभ नसतं, म्हणून त्याच्या जागी दुसरा शुभ शब्द म्हणतात. पायलीच्या दिवसांत कुशाबानं तो शब्द हजारो वेळा मोठ्यानं उच्चारला होता, आणि लोखंडी काटा आल्यापासून तो त्याच्या जिभेवर आला नव्हता. ह्या काट्यावर कृष्णाबाईचं पहिलं खरं वाढीव माप आज पडत होतं.

"लाभ," कुशाबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं पुसले नाहीत.